न मोजलेला महिना

पुणे,
बुधवार, २७ मे २०२६

चि. सौ. मिना,
अनेक आशीर्वाद.

हे पाकीट मी मुद्दाम निताच्या पत्त्यावर टाकलं आहे. आशाताई म्हणून ती तुझ्याकडे येतेच, वजन बघायला नि गोळ्या द्यायला, त्यामुळे तिच्या पिशवीतून एक पत्र आलं तर कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. तू हसशील मला. "ताई, फोन हाय की!" आहे ना फोन. पण तो आमच्या भाऊरायाच्या, रणजीतच्या खिशात असतो आणि आपण बोलतो ते सगळा ओटा ऐकतो. मागून याडी विचारते, काय म्हणून राहिली, आणि बा विचारतात, कवा येऊन राहिली. या आठवड्यात मी तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा विचारलं काय, तर शेळी व्याली का. ती मार्चमध्येच व्याली हे मला पाठ आहे.

घरात आपण गोरमाटी बोलतो, आईला याडी म्हणतो, पण लिहायला दोघींनाही शाळेने मराठीच शिकवली, म्हणून मराठीत लिहिते. शिवाय मराठीत लिहिताना थोडं लांबून बोलल्यासारखं वाटतं. मला आज तेवढं लांब उभं राहायचं आहे.

मी बरी आहे. खोली बदलली. नव्या घरमालकीणबाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण वरणात गूळ घालतात, आणि वर विचारतात, "कसं झालंय?" तू दिलेल्या ठेच्याच्या बरणीवर मी दोन महिने काढले. आता बरणी धुऊन त्यात पेनं ठेवली आहेत. प्रयोगशाळेत काम तेच. याडीच्या भाषेत सांगायचं तर, लोक बाळंतिणीची वार पुरतात आणि ही पोरगी काचेत घालून बघते. याडीला अजून वाटतं की मी कुठेतरी दवाखान्यात साफसफाईला आहे आणि लाजून सांगत नाही.

तुला दिवस गेल्याचं तिनेच सांगितलं. आनंद झाला, हे खरं आहे. मग तू मागून हळूच म्हणालीस, "ताई, या बारीला तरी नीट व्हईल का?" आणि मी म्हणाले, "होईल गं, काळजी करू नको." ते मी उगाच म्हणाले. मला माहीत नाही, मिना. तीन वर्षं होत आली, मी तेच बघते आहे आणि मला माहीत नाही.

पण पत्र लिहायला बसले ते परवा याडी जे बोलली त्यामुळे. मी विचारलं, कितवा चालू आहे? तर ती म्हणाली, "दोन झाले. हा धोंड्याचा महिना, हा मोजायचा नसतो." ते ऐकलं आणि मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल रेंज गेली.

धोंड्यात जावयाला बोलावतात, अनारसे करतात, आणि शुभकार्य काढायचं नाही म्हणून हा महिना हिशेबातून वगळतात. आपल्याकडे तर सोप्पं: मोजायचाच नाही. दुष्काळात तेरावा महिना असं लोक म्हणतात. आपल्या घरात तो तेरावा महिना कुणी धरलाच नाही, आणि त्यात पहिली मी.

थांब, आधी तुला वारेचं सांगते. तू एकदा विचारलं होतंस आणि मी उडवून लावलं होतं.

वारेत ज्या नसा असतात त्या आईच्या नसतात, बाळाच्या असतात. बाळ नाळेतून आपल्या नसा वारेत पसरवतं, त्यांना फाटे फोडतं, आणि त्या फाट्यांतून आईच्या रक्तातलं अन्न ओढून घेतं. त्या नसांना आतून अस्तर असतं, बारीक बारीक पेशींचं. फाटे फोडायचं काम त्या पेशींचं. एक पेशी पुढे सरकते, दुसरी तिच्या मागे जाते, तिसरी दोघींना धरते आणि नळी पुढे जाते. बाच्या हळदीला ठिबक आहे ना, तसं समज. विहीर भरलेली आहे, मोटार चालू आहे, मोठा पाइपही नीट आहे. पण वाफ्या-वाफ्यात जाणाऱ्या बारक्या नळ्या जोडल्याच नाहीत, तर हळद कशी भरेल? काही बाळांची वाढ पोटात खुंटते तेव्हा वारेत असंच दिसतं. नसा लांबट, सरळ, कमी फाट्यांच्या.

आम्ही त्या पेशी वारेतून काढून वाढवतो. जेलीसारख्या थरावर सकाळी ठेवल्या की भरल्या अंगाच्या बाळाच्या वारेतल्या पेशी संध्याकाळपर्यंत एकमेकींना शोधून जाळं विणतात. बघत बसावं असं असतं ते. वाढ खुंटलेल्या बाळाच्या पेशी ठेवल्या तर त्या मेलेल्या नसतात, खातात-पितात, एकाच्या दोन होतात. पण पुढे सरकत नाहीत. जिथल्या तिथे घोळका करून राहतात. मी त्यांना चांगलं अन्न दिलं, प्राणवायू कमी-जास्त करून पाहिला, औषधं घातली. कधी थोड्या सरकतात, कधी नाही. एक्केचाळीस बायांच्या वारा माझ्या हाताखालून गेल्या आणि त्या पेशी तसं का वागतात हे मला अजून पुरतं सांगता येत नाही. मोठमोठ्या लोकांनाही येत नाही. रोज सकाळी अंगात पांढरा कोट चढवायचा आणि संध्याकाळी "आजही नाही" असं वहीत लिहायचं, हे माझं काम.

एक गोष्ट मात्र खात्रीने लिहिते. तू उसाची मोळी उचललीस म्हणून, तू अवसेला बाळंत झालीस म्हणून, तू पपई खाल्लीस म्हणून असं झालं, हे मला एकाही वारेत दिसलं नाही. याडी तुला दोन वर्षं हेच ऐकवते आहे, आणि मी दोन वर्षं शेजारी बसून भाकरी खाल्ली. एकदाही म्हणाले नाही, "याडी, गप बस."

चोराच्या मनात चांदणं, म्हणून.

शुक्रवार, २९ मे

इथपर्यंत लिहून पत्र दोन दिवस उशीखाली ठेवलं होतं. फाडणार होते. पण मग निता तुझं कार्ड भरेल, याडी दोनच महिने सांगेल, आणि तू काही बोलणार नाहीस. म्हणून लिहितेच.

२०२३ चा ऑक्टोबर आठव. तुम्ही ऊसतोडीला निघायच्या आधी निता तुझं कार्ड भरायला आली. शेवटची पाळी कधी आली, तिने विचारलं. ओट्यावर बा बसलेले, तू लाजलीस. मग निताने मला फोन लावून तुझ्या कानाला दिला, की नणंदेला सांग, ती मला सांगेल. तू तोंडावर पदर धरून म्हणालीस, "ताई, अवस झाली अन् श्रावण लागला, त्या दिवशी." एवढंच. पुरेसं होतं.

मी प्रयोगशाळेतच होते. एका हातात पेशींची बाटली, खांद्यावर फोन. भिंतीवरचं कॅलेंडर दुसऱ्या हाताने मागे पलटलं. ऑगस्टच्या पानावर १७ तारखेला लिहिलं होतं, श्रावण मासारंभ. मी निताला म्हणाले, सतरा ऑगस्ट लिही.

त्या वर्षी श्रावण दोन होते, मिना. आधी धोंड्याचा, मग खरा. जुलैच्या पानावर १८ तारखेला बारीक लाल अक्षरात तेही लिहिलेलं होतं, अधिक श्रावण. मी ते पान उलटलंच नाही. तू कुठला श्रावण म्हणतेस, एवढा एक प्रश्न विचारायचा होता. तू अठरा जुलै सांगत होतीस. मी तुझ्या बाळाचं वय एका महिन्याने कमी केलं आणि पेशींना अन्न घालायला गेले.

मग सगळंच त्या तारखेला धरून चाललं. जानेवारीत उसाच्या फडाजवळच्या गावात तुझी पहिली सोनोग्राफी झाली. मशीनला महिना कळत नाही, माप कळतं. बाळ लहान होतं, पण आम्ही वयही लहानच सांगितलेलं, त्यामुळे डॉक्टर म्हणाले, बाळ तारखेपेक्षा आठवडाभर पुढेच आहे, छान. रणजीतने मला तो कागद फोटो काढून पाठवला. मी त्याला अंगठा पाठवला. खरं म्हणजे बाळ तेव्हाच तीन आठवडे मागे होतं. आणि ते ओळखणं हेच माझं काम आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका काळा असतो हे मला माहीत नव्हतं.

एप्रिलच्या चार तारखेला तुझा फोन आला. त्या दिवशी फोन तुझ्या एकटीच्या हातात होता, हे मला नंतर जाणवलं. तू म्हणालीस, "ताई, लेकरू कमी हलून राहिलं." मी हिशेब केला. सतरा ऑगस्टपासून. म्हटलं आठवाच चालू आहे, दमली असशील उन्हात. मी म्हणाले, "राहू दे गं, झोपत असेल." उंटावरून शेळ्या हाकल्या. खरा हिशेब केला असता तर नववा सरत आला होता.

पाडव्यासाठी मी घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, अवसेला, तुझं पोट दुखायला लागलं. पोर झाली. चौदाशे ग्रॅम. तू खाटेवर डोळे मिटून पडलेली, मी दाराशी. सिस्टर पोरीला पुसत होती आणि पुसता पुसता थांबली. तिने पोरीचे तळपाय उताणे केले, कानाची पाळी दाबून पाहिली, वार उचलून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आठव्यातलं वाटत न्हाई हे लेकरू. तळव्याला पुऱ्या रेघा हायत. वारबी लहानी हाय, वाळून गेल्यासारखी. तारीख बराबर सांगितली ना?"

त्या क्षणी मला ते जुलैचं पान दिसलं. न उलटलेलं, बारीक लाल अक्षरांचं. डोळ्यासमोर दिसलं, खोटं नाही सांगत. आणि मी म्हणाले, "हो. बराबर आहे."

का म्हणाले? कारण नाही म्हटलं असतं तर तिचा पुढचा प्रश्न होता, मग तारीख सांगितली कुणी.

कार्डावर लिहिलं गेलं: आठव्यात जन्मलेलं, अपुऱ्या दिवसांचं बाळ. ती दोन दिवस काचेच्या पेटीत जगली. पाडव्याला तिने एकदा माझं बोट धरलं होतं, हे मी तुला सांगितलेलं नाही. तू तेव्हा झोपली होतीस, आणि नंतर सांगायला मला तोंड नव्हतं. मी पुढे एका डॉक्टरांना आडून विचारलं, वय चुकीचं सांगितल्याने त्या दोन दिवसांत काही फरक पडला असता का. नाही पडला, म्हणाले. पण त्यांनाही मी कोणीतरी ओळखीची बाई म्हणून सांगितलं होतं. आधीच कळलं असतं तर? मार्चमध्येच दवाखान्यात ठेवून लवकर मोकळी केली असती तर? कदाचित जगली असती. कदाचित नाहीही. हे "कदाचित" मला कुठल्याच काचेखाली धरता येत नाही.

याडीने वार न्हाणीमागे पुरली आणि वर दगड ठेवला. मी एक तुकडाही मागितला नाही. परक्या एक्केचाळीस बायांच्या पाहिल्या, माझ्या भाचीची बघायची छाती झाली नाही. मी त्या पेशींच्याच जातीची आहे, मिना. जिवंत असते, खाते-पिते, फक्त जिथे सरकायचं तिथे सरकत नाही.

आता कामाचं. हे नीट वाच आणि कुणाला विचारत बसू नको.

तुझ्या जुन्या कार्डावर अपुऱ्या दिवसांचं बाळ असं लिहिलं आहे. डॉक्टर ते वाचतील आणि या वेळी लवकर कळा येतील एवढीच काळजी घेतील. बाळाची वाढ खुंटेल का हे बघणार नाहीत, कारण त्यांना ते माहीतच नाही. म्हणून कळमनुरीला दवाखान्यात जाशील तेव्हा हे वाक्य तसंच्या तसं सांग: "पहिली मुलगी पूर्ण दिवसांची होती, चौदाशे ग्रॅमची. तारीख महिनाभर चुकली होती. तिची वाढ पोटात खुंटली होती." न आठवल्यास हा कागद दाखव. अशा बायांना रोज एक लहान गोळी देतात; ती द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील, पण चौथा महिना सरायच्या आत ठरवावं लागतं. तू मला होळीनंतरचा चौथा दिवस सांगितलास, म्हणजे सात मार्च. आज बारा आठवडे होत आले. जूनच्या पंचवीस तारखेच्या आत जा. आणि हा चालू महिना धर. याडी काहीही म्हणो, पोटातलं लेकरू धोंड्यातही वाढतं.

गोळीने सगळं नीट होतं असं नाही. मी वचन देऊ शकत नाही. पण या वेळी डोळे उघडे ठेवणारं कुणीतरी असेल.

रणजीतला आणि याडीला मी पुढच्या महिन्यात घरी येऊन तोंडाने सांगणार आहे. तुला आधी सांगायचं होतं. माफ कर असं लिहिणार होते, दोनदा लिहून खोडलं. ते मागण्याआधी तुझ्याकडून बोलणी खायची बाकी आहेत.

कुठला श्रावण, हे न विचारणारी,
साधना


तांडा,
रविवार, १४ जून २०२६

ती. साधनाताईस,
मिनाचा नमस्कार.

पत्र भेटलं. निताताईनं हातात दिलं. घरात वाचता येत न्हाई म्हणून शेळ्या घेऊन माळावर गेले अन् तिथं वाचलं. दोनदा वाचलं. शेळ्या लोकाच्या रानात शिरल्या, त्याच्या शिव्या खाल्ल्या.

ताई, पोर झाली तवा मी झोपले नव्हते. डोळे मिटून होते. सिस्टर बोलली ते ऐकलं अन् तुमी "बराबर आहे" म्हणल्या तेबी ऐकलं.

अन् मला तर त्याच्याबी आधी माहीत होतं. बाईला आपला दिवस कळत न्हाई व्हय? निताताईनं कार्डावर ऑगस्ट लिहिलं तवाच मनात आलं, हे तर मागं गेलं. पण म्हणलं ताई शिकलेल्या हायत, त्याच कामावर हायत, इंग्रजी महिने त्यांना बराबर कळतात. आपण काहून तोंड घालावं. मग लेकरू हलंना तवा फोन केला. तुमी राहू दे म्हणल्या. मी राहू दिलं. दोन वर्षं झाली, मला रोज वाटतं मी काहून राहू दिलं. तुमाला एकटीलाच वाटतं असं समजू नका.

तिनं बोट धरलं होतं ते लिहिलं, बरं केलं. तेवढाच कागद फाडून मी डब्यात ठेवला.

दवाखान्यात गेले होते, मंगळवारी. डॉक्टरीणबाईला तुमचं वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी आपल्या हातानं लिहून घेतलं अन् गोळी चालू केली. सहावा लागला की घडी घडी सोनोग्राफी करू म्हणल्या. नीट व्हईल का विचारलं तर त्याबी तुमच्यासारखंच म्हणल्या, बघू. नव्या कार्डावर तारीख मी माझ्या हातानं टाकली. सात मार्च. निताताईला पेन मागितला अन् टाकली.

तुमची वाट न बघता याडीला मीच सांगितलं. त्या उठून न्हाणीमागं गेल्या अन् त्या दगडावर तांब्याभर पाणी घातलं. तवापासून मला मोळीचं बोलल्या न्हाईत. यांना अजून सांगितलं न्हाई, ते तुमी सांगा. तुमचा भाऊ हाय.

माफीचं तुमी खोडलं ते बरं झालं. मला आता कायबी देता येत न्हाई. राग हाय का विचाराल तर हाय. माणसाला राग यावा एवढ्या तुमी माझ्या हायत.

उद्या अवस. धोंडा सरतो. मी तो मोजला.

लेकरू अजून हलत न्हाई, हलायला दीड महिना हाय म्हणतात. हललं की तुमाला फोन करीन. कमी हललं तरी करीन, फोन यांच्याकडून मागून घेईन, सगळ्या ओट्याम्होरं बोलीन. पण ताई, तवा राहू दे म्हणू नका.

तुमची,
मिना